बाल न्याय मंडळात फी नाही, मग घरातले पैसे जातात कुठं?

पोराला पोलिसांनी नेलं की गावातला पहिला सल्ला ठरलेला असतो: "पाच-दहा हजाराची सोय करून ठेवा भाऊ, कोर्टाचं काम हाय." सल्ला देणारा माणूस वाईट नसतो. त्यानं मोठ्यांची कोर्टं पाहिलेली असतात. पण अठरा वर्षांच्या आतल्या मुलाचं प्रकरण त्या कोर्टात चालत नाही, ते बहुतेक वेळा बाल न्याय मंडळापुढं चालतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये चौकशीसाठी मुलाकडून किंवा मायबापाकडून फी घ्यावी असं एकही कलम नाही. निरीक्षणगृहातलं (चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात त्या जागेतलं) राहणं, जेवण, कपडे, औषध, परिविक्षा अधिकाऱ्याचा (घरची माहिती काढून मुलावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा) अहवाल, मानसोपचार तज्ज्ञाची तपासणी, सगळा खर्च शासनाचा. घरच्यांच्या खिशाला हात घालणारी तरतूद त्या कायद्यात एकच आहे, दंडाची. तिच्याकडे पुढं येतो.

अमेरिकेत वेगळं आहे. तिथं अनेक राज्यांत मुलाला कोठडीत ठेवल्याचे दिवस मोजून, पायात घातलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचं भाडं लावून, मुलाच्या बचावासाठी सरकारनं दिलेल्या वकिलाची फी धरून पालकांना बिल पाठवायची पद्धत रुजली. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०१८ पासून अशी नवी बिलं लावणं बंद केलं. आपल्याकडे बिल येत नाही, आणि म्हणूनच गेलेल्या पैशाचा कुठं हिशोब राहत नाही. बसचं तिकीट, बुडालेली मजुरी, खाजगी वकील, भाड्याचा जामीनदार, नको असलेला स्टॅम्प पेपर आणि "साहेबांची गाडी". शेळी विकली जाते, कानातलं गहाण पडतं, आणि विचारलं तर सगळे म्हणतात, कोर्टात गेले. कोर्टात त्यातला रुपयाही गेलेला नसतो.

पैसे पहिल्यांदा जातात ते ठाण्यात. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. मुलगा त्याच्या ताब्यात असायला हवा, लॉकअपमध्ये नाही. बेडी घालायची नाही, जबाबावर मुलाची सही घ्यायची नाही. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मंडळापुढं हजर करायचं. मंडळाची बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढं हजर करता येतं, त्यामुळे "आज रविवार हाय, सोमवारी पाहू" हे कारण चालत नाही. ताब्यात असेपर्यंत मुलाचं जेवण ही पोलिसांची जबाबदारी. जिल्ह्याच्या गावी न्यायची गाडी आणि तिचं डिझेलही त्यांचंच. घरच्यांकडे गाडीचे पैसे मागितले तर ती लाच झाली, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. रात्रीच्या वेळी ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या बापाला हा क्रमांक फिरवणं सोपं नसतं, हे कळतं. निदान पैसे देऊ नयेत आणि कोणी, किती वाजता, किती मागितले ते लिहून ठेवावं.

आणखी एक. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे गुन्हा घोर स्वरूपाचा नसेल आणि सोबत मोठी माणसं आरोपी नसतील, तर मुलावर एफआयआर नोंदवायचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद आणि सोबत सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, एवढंच. म्हणून "एफआयआरमधून नाव काढून देतो, इतके लागतील" असं कोणी म्हटलं, तर बहुतेक वेळा जो कागद झालेलाच नाही तो फाडायचे पैसे तो मागतो आहे.

वकिलाचं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे, आणि त्यात मूल हे मूल म्हणूनच आहे. बापाची जमीन किती, उत्पन्न किती, जात कोणती, काही पाहायचं नाही. महाराष्ट्रात तीन लाखांची उत्पन्नमर्यादा आहे ती इतरांसाठी. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी आणि तहसील असे हेलपाटे घालू नका. मुलाचं वय दाखवणारा कागद आणि साधा अर्ज पुरतो. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे देता येतो, किंवा जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे. फोन करायचा तर १५१००. काहीच जमलं नाही, तर मंडळापुढं उभं राहून "आमच्याकडे वकील नाही, विधी सेवेचा वकील द्या" एवढं तोंडी म्हटलं तरी चालतं. मुलाला विधी साहाय्य मिळवून देणं हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८ नं मंडळाचंच काम ठरवलं आहे.

"सरकारी वकील" हा शब्द मात्र जपून वापरा. सरकारतर्फे मुलाविरुद्ध बोलणाऱ्यालाही लोक सरकारी वकीलच म्हणतात आणि चुकून त्याच्याकडेच जातात. "विधी सेवेचा वकील" म्हणा. या वकिलाची फी, अर्जावरचं कोर्ट फी तिकीट, टायपिंग, आदेशाच्या नकला, हे सगळं मोफत साहाय्यात धरलेलं आहे. त्याला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. "चहापाण्याचं पाहा" म्हणाला, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि दुसरा वकील मागा. खाजगी वकील आधीच लावला असेल आणि पैसे पुरत नसतील, तर मधेच बदलता येतं. अडचण येते ती फाईलची. राहिलेल्या फीसाठी वकील कागद अडवून ठेवतो. त्याला तो हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे. फीची बाकी त्यानं वेगळी वसूल करावी, कागद परत द्यावेत.

वयाचा कागद पहिल्या दिवशीच हातात असला तर निम्मा खर्च वाचतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही मंडळाच्या आदेशानं आणि पंधरा दिवसांत. आधार कार्ड या यादीत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही आधारवरची जन्मतारीख वयाच्या पुराव्यासाठी धरली नाही, शाळेचा दाखला धरला. गावाकडे नेमकं उलटं घडतं. घाईत आधार दिलं जातं, त्यावर अंदाजे १ जानेवारी छापलेली असते, पोरगं कागदावर अठराचं होतं आणि थेट मोठ्यांच्या कोर्टात आणि जेलात जातं. मग वकील, अर्ज, तारखा. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं घ्या. पोरानं शाळा सोडली असेल तर पहिलीत नाव घातलेल्या शाळेत जा, कारण मूळ नोंद तिथंच असते. पारध्यांच्या बेड्यावरची (वस्तीवरची) आणि कामासाठी फिरणाऱ्या घरांतली लेकरं कधी कधी शाळेत गेलेलीच नसतात. तिथं जन्मदाखला शोधावा, तोही नसेल तर तपासणीचा अर्ज वकिलानं पहिल्याच तारखेला टाकावा. आणि चूक झालीच असेल तर वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येतो, निकाल लागल्यावरसुद्धा. कलम ९ तसं सांगतं.

आता जामीन. घरं मोडतात ती इथं.

बाल न्याय अधिनियमाचं कलम १२ सांगतं की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडायचं, नाहीतर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीकडे द्यायचं. न सोडायची कारणं तीनच. बाहेर गेल्यावर तो माहीत असलेल्या गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच बुडेल. यातलं काही असेल तर मंडळानं कारण लिहून द्यावं लागतं. "जामीनदाराशिवाय" हा शब्द कायद्यात आहे, पण तो मागावा लागतो. मोठ्यांच्या कोर्टाची सवय इथंही येते आणि आदेशात "एक सक्षम जामीनदार" असं पडून जातं. सक्षम म्हणजे सातबारा, नाहीतर घराचा नमुना आठ आणि टॅक्स पावती, कुठं तहसीलचा ऐपतदाखला. सालदाराच्या, मजुराच्या घरात सातबारा कुठून येणार? मग फाटकाजवळ भाड्यानं जामीन राहणारा माणूस भेटतो. त्याचे कागद बनावट निघाले की मुलाचा जामीन जातो, आणि त्याला आणणाऱ्या बापावर नवं प्रकरण उभं राहतं. हे कधीच करू नका.

करायचं ते असं. पहिल्याच दिवशी जामिनाच्या अर्जात लिहा, की कुटुंब भूमिहीन आहे, जामीनदार देण्याची ऐपत नाही, आई किंवा वडील स्वतःचं हमीपत्र देतील, मुलगा तारखेला हजर राहील आणि परिविक्षा अधिकाऱ्याला भेटत राहील. सोबत रेशन कार्ड आणि रोजगार हमीचं जॉब कार्ड जोडा. तरीही जामीनदार मागितला आणि मिळाला नाही, तर सात दिवस मोजा. कलम १२ च्या पोटकलम ४ प्रमाणे मुलाला सात दिवसांत अटी पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढं हजर करायचंच असतं. हा कायद्याचा आदेश आहे. प्रत्यक्षात मुलगा निरीक्षणगृहात राहतो आणि घरचे गावात जामीनदार शोधत फिरतात, कारण सात दिवसांचं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आठव्या दिवशी विधी सेवेच्या वकिलाला किंवा निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना लेखी द्या: "दिनांक अमुकच्या आदेशातील अट पूर्ण करता आली नाही, कलम १२(४) प्रमाणे मुलास मंडळापुढे हजर करावे."

रोख रक्कम भरायला सांगितली आणि भरली, तर पावतीची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा. प्रकरण संपल्यावर ती परत मिळते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. अर्ज, मूळ पावती आणि बँक पासबुकची प्रत लागते. पावती हरवली की लोक नाद सोडतात. नाद सोडू नका, प्रकरण क्रमांकावरून नोंद सापडते.

स्टॅम्प पेपरचं इथंच सांगतो. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आल्यापासून "पाचशेचा लागतेच" असं सर्रास सांगितलं जातं. मंडळात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला तो लागत नाही.

परिविक्षा अधिकारी घरी येतो, दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो म्हणून. त्याच्या पेट्रोलचे पैसे द्यायचे नसतात. त्याला जेवू घाला, हरकत नाही, आपल्याकडे आल्या माणसाला कोणी उपाशी पाठवत नाही. पण त्याच्यापुढं घरची गरिबी झाकू नका. इथं फार मोठी चूक होते. इभ्रत म्हणून बाप सांगतो, "दोन एकर हाय, बरं चाललंय." ते दोन एकर कोरडवाहू आहेत, कर्ज डोक्यावर आहे, माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते, हे सांगतच नाही. मग अहवालात कुटुंब "स्थिर" दिसतं, जामीनदार मागितला जातो आणि शेवटी दंडही लागतो. मंडळाला तुमचं घर त्या अहवालातूनच दिसतं. जमीन ओलिताची की कोरडवाहू, कर्ज किती, घरात आजारी कोण, कमावते हात किती, मुलगा शाळेत जातो की मजुरीला, सगळं खरं सांगा. कोरकू, माडिया, गोंडी बोलणारं घर असेल आणि मराठीत नीट सांगता येत नसेल, तर दुभाषा मागा. त्याचेही पैसे घरच्यांनी द्यायचे नसतात.

आणि आता सगळ्यात मोठा, सगळ्यात लपलेला खर्च: तारीख. मंडळ जिल्ह्याच्या गावी, बऱ्याचदा निरीक्षणगृहाच्याच इमारतीत बसतं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास, तीही मेळघाटाचा घाट उतरून. एक तारीख म्हणजे दोघांचं जाणं-येणं, दोन मजुऱ्या, आणि दूरच्या गावांना आदल्या रात्रीचा बसस्टँडवरचा मुक्काम. कापूस फुटला की वेचणी थांबत नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम मोजक्या दिवसांचा, त्यात बुडालेला दिवस वर्षभर भरून निघत नाही.

याचं उत्तर कायद्यात आहे, कलम ९१ मध्ये. एवढं उपयोगी आणि एवढं न वापरलेलं कलम दुसरं नसेल. त्याचे दोन भाग आहेत. पहिला: मुलाची हजेरी गरजेची नाही असं वाटलं, की मंडळानं ती माफ करायची. मुलाला जबाबापुरतंच बोलवायचं आणि चौकशी त्याच्याशिवाय पुढं चालवायची. दुसरा: हजेरी लागणार असेल, तर मुलाला आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाला झालेला प्रत्यक्ष प्रवासखर्च परत मिळण्याचा हक्क आहे. तो मंडळानं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षानं (मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयानं) द्यायचा. मेहेरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून.

मागण्याची रीत. जाताना-येताना दोघांची तिकिटं मागून घ्या. एसटीच्या मशीनचं तिकीट उष्णतेवर छापलेलं असतं, खिशातल्या घामानं आठ-पंधरा दिवसांत कोरं पडतं. म्हणून त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. मायचं तिकीट अर्धं असेल तर अर्धंच लिहायचं, कारण प्रत्यक्ष खर्चच मिळतो. गावापासून फाट्यापर्यंत काळीपिवळीनं किंवा ऑटोनं आलात तर तिकीट नसतं. तिथं साध्या कागदावर तारीख, कुठून कुठं आणि किती दिले ते लिहून सही किंवा अंगठा करा. मंडळाच्या कारकुनाकडून त्या दिवशी हजर होतात असा हजेरीचा दाखला घ्या. हा दाखला शाळेत मात्र देऊ नका, मुलाची ओळख तिथं फुटते. शाळेला घरचं कारण पुरेसं आहे.

अर्ज असा लिहायचा:

"प्रति, मा. प्रमुख दंडाधिकारी, बाल न्याय मंडळ, जिल्हा ____. प्रकरण क्रमांक ____. विषय: बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ९१(२) प्रमाणे प्रवासखर्च मिळण्याबाबत. मी वरील प्रकरणातील बालकाचा/ची वडील/आई आहे. दिनांक ____ रोजी मंडळाच्या आदेशाने बालक व मी मु. ____ येथून हजर झालो. जाण्या-येण्याचा दोघांचा प्रत्यक्ष खर्च रुपये ____ झाला. तिकिटांच्या प्रती व स्वयंघोषणा जोडली आहे. सदर रक्कम सोबतच्या बँक खात्यात जमा करण्याचा आदेश व्हावा, व अर्जाची नोंद रोजनाम्यात घ्यावी. तसेच पुढील तारखांना बालकाची हजेरी आवश्यक नसल्यास कलम ९१(१) प्रमाणे माफ करावी."

शेवटची दोन वाक्यं सोडू नका. अर्ज अडतो तो असा: मंडळ म्हणतं पैसे कक्षाकडे, कक्ष म्हणतो मंडळाचा आदेश आणा. रोजनाम्यात, म्हणजे मंडळाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंद आणि आदेश असला की कक्षाला टाळता येत नाही. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. "निधी नाही" असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. कक्षाकडे माहिती अधिकारात विचारता येतं, की कलम ९१(२) खाली मागच्या वर्षी किती अर्ज आले आणि किती रक्कम दिली. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत, उत्तर तीस दिवसांत. कितीदा तरी हा अर्ज टाकल्यावरच फाईल हलते. बुडालेली मजुरी मात्र या कलमात मिळत नाही, आणि ही कायद्यातली खरी उणीव आहे. म्हणून हजेरीमाफीचा अर्ज प्रवासखर्चाच्या अर्जाइतकाच महत्त्वाचा.

तारखा किती काळ चालाव्यात यालाही सीमा आहे. पहिल्या हजेरीपासून चार महिने, कारण लिहून आणखी दोन. जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा कायद्यात किरकोळ धरला आहे, साधी चोरी त्यातच येते. अशा प्रकरणात वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही, तर प्रकरणच बंद होतं. पहिल्या हजेरीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सहा महिने झाले की वकिलाला कलम १४(४) चा अर्ज टाकायला सांगा. नाहीतर कोणाच्या लक्षात राहत नाही आणि वर्षानंतरही माणूस बसमध्येच असतो.

दंडाकडे येतो. कलम १८ मध्ये मंडळ काय काय आदेश देऊ शकतं ते आहे: समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, विशेष गृहात (मुलांच्या सुधारगृहात) ठेवणं. त्यात एक दंडही आहे, मुलाला किंवा मायबापाला भरायला लावायचा. तो लावलाच पाहिजे असं नाही. दंड हा सगळ्यात आळशी आदेश आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगा त्यातून काही शिकत नाही, माय दोन महिने उसनवारी करते. आदेशाच्या आधी वकिलानं म्हणावं की दंडाऐवजी समाजसेवा द्यावी, आणि परिविक्षा अहवालातल्या उत्पन्नाकडे बोट दाखवावं. दंड लागलाच तर पैसे मंडळाच्या कार्यालयात भरा, छापील पावती घ्या, कोणाच्या हातात देऊ नका. एकदम भरणं जमत नसेल तर हप्ते मागा. आदेश मान्य नसेल तर अपील तीस दिवसांत, विधी सेवेच्याच वकिलाकडून.

एक खर्च मात्र मंडळाच्या बाहेरचा आणि खरोखरच मोठा आहे: पोराच्या हातात दिलेली मोटारसायकल. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. गाडी काकाच्या नावावर असेल तर काका अडकतो. हे पालकाचं प्रकरण असल्यानं ते मंडळात नाही, नेहमीच्या न्यायालयात चालतं, आणि तिथं मूल म्हणून मिळणारं मोफत साहाय्य बापाला मिळत नाही. पण अनुसूचित जाती-जमातीचा असेल किंवा उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर त्याला स्वतःच्या हक्कानं मिळतं, आणि गाडी आईच्या नावावर असेल तर स्त्री म्हणून आईला मिळतंच. बचाव एकच: गाडी माझ्या नकळत नेली किंवा मी काळजी घेतली होती, हे पालकानं सिद्ध करायचं. चावी खिळ्याला टांगलेली असते आणि पोरगं रोज तिच्यावरून दूध घालायला जातं, हे गावाला माहीत असतं, त्यामुळे हा बचाव क्वचितच टिकतो. हा दंड न्यायालयच लावतं. रस्त्यावर "पाच हजारात मिटवू" म्हणणाऱ्याला दिलेले पैसे वाया जातात.

अपघातात कोणी जखमी झालं असेल तर नुकसानभरपाईचा दावा आणखी वेगळा. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसल्यानं विमा कंपनी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. अशा दाव्याची नोटीस आली की ती घरात ठेवून देऊ नका, लगेच वकिलाकडे न्या. हजर न राहिल्यानं एकतर्फी लागलेले निकाल शेतावर बोजा म्हणून चढतात.

प्रकरण संपल्यानंतरही एकदा पैसे मागितले जातात. पोरगं पोलीस भरतीच्या तयारीला लागतं किंवा कंपनीत लागतं, चारित्र्य पडताळणी येते, आणि कोणीतरी सांगतं, "रेकॉर्ड साफ करून देतो." बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की बंद झालेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणात पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी मुलाची नोंद उघड करायची नाही. कलम २४ प्रमाणे अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरचा, घोर गुन्ह्यात बालन्यायालयानं (अशी प्रकरणं मंडळ त्याच्याकडे पाठवू शकतं) दोषी धरलेला मुलगा एवढाच अपवाद. म्हणून अंतिम आदेशाची नक्कल घ्या, प्लास्टिकमध्ये घालून सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका. पडताळणीत अडचण आली तर आदेशाच्या तारखेसह पोलीस अधीक्षकांच्या नावानं साध्या कागदावर अर्ज द्या, कलम २४ आणि ७४ लिहा, पोच घ्या. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर तोच अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे.